जिंकला तर घोडा, हरला तर ट्रेनर

२६ फेब्रुवारी २०२२ रोजी रियाधच्या किंग अब्दुलअझीझ रेसकोर्सवर ‘सौदी कप’ची शर्यत झाली. अंतर १८०० मीटर, एकूण बक्षीस दोन कोटी डॉलर. त्या वर्षी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही घोडशर्यतीत एवढे पैसे नव्हते. आदल्या वर्षी हीच शर्यत जिंकलेला, इंग्लंडमधून आलेला मिश्रिफ मैदानात होता. अमेरिकेतून आलेले नावाजलेले घोडेही होते. जिंकला मात्र एम्ब्लेम रोड. जन्माने अमेरिकन असला तरी तो तयार झाला होता सौदी अरेबियातच. राजपुत्र सौद बिन सलमान हे त्याचे मालक आणि पनामाचा विगबर्टो रामोस हा त्याचा जॉकी. सौदीत तयार झालेल्या घोड्याने हा कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला तयार करणाऱ्या माणसाचे नाव मितब अल-मुलावाह. रेसचा नाद असलेल्या किती जणांना हे नाव आज चटकन सांगता येईल, याची मला शंका आहे.

याच शर्यतीचे पहिले वर्ष आठवून पाहू. २९ फेब्रुवारी २०२० रोजी मॅक्सिमम सिक्युरिटी हा अमेरिकन घोडा जिंकला. जेमतेम दहा दिवसांत, ९ मार्चला, घोड्यांना बेकायदा औषधे दिल्याच्या आरोपावरून त्याचा ट्रेनर जेसन सर्व्हिस याच्यावर अमेरिकेत खटला दाखल झाला. बक्षीस रोखून धरण्यात आले. सर्व्हिसने गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०२४ मध्ये घोडा अपात्र ठरला आणि दुसरी आलेली मिडनाइट बिझू ही घोडी विजेती जाहीर झाली. रेसशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही तेव्हा सर्व्हिसचे नाव ऐकले.

प्रामाणिकपणे जिंकलेला ट्रेनर अनोळखी राहिला आणि दोषी ठरलेला जगभर माहीत झाला. या पुस्तकाचा विषय या विसंगतीतच आहे. घोडा जिंकला की श्रेय रक्ताचे, मालकाच्या पैशाचे, जॉकीच्या हातांचे. घोडा हरला, लंगडला किंवा त्याच्या लघवीच्या तपासणीत काही सापडले, की मात्र सगळी बोटे एकाच माणसाकडे वळतात. रेसच्या नियमांतच हे लिहिलेले आहे. घोड्याच्या अंगात निषिद्ध औषध सापडले तर ते कोणी दिले याचा शोध लागण्याआधीच ट्रेनर जबाबदार धरला जातो. अपयशाची जबाबदारी पूर्ण, यशातला वाटा मात्र पुसट, असा दुसरा व्यवसाय शोधून सापडणे कठीण.

हा विषय मांडायला बुरैदा हे गाव का निवडले, ते सांगायला हवे. रियाधच्या वायव्येला, वादी रुम्माच्या काठी वसलेले बुरैदा हे अल-कसीम प्रांताचे मुख्य शहर. ऑगस्टमध्ये इथे खजुराचा मोठा बाजार भरतो, आणि इथला उंटबाजार जगातल्या सर्वांत मोठ्या उंटबाजारांत गणला जातो. पण मराठी वाचकाला या गावाचे एक जुने नाते ठाऊक नसते. कसीमचे ‘उकैलात’ म्हणून ओळखले जाणारे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या उंट आणि घोडे घेऊन इराक, सीरिया, इजिप्तपर्यंत जात. त्यांच्या आठवणी जपणारे संग्रहालय आज बुरैदात आहे. नज्दच्या, म्हणजे मध्य अरबस्तानातल्या, घोड्यांचा एक ओघ बसरा आणि कुवेतच्या बंदरांतून जहाजाने निघायचा आणि उतरायचा थेट मुंबईत. एकोणिसाव्या शतकात अरबी घोड्यांची मुंबईएवढी मोठी पेठ क्वचितच दुसरी होती. लष्कराला घोडे हवे होते, संस्थानिकांना हवे होते आणि भायखळ्याच्या रेसकोर्सलाही हवे होते. चार्ल्स डाउटी हा इंग्रज प्रवासी १८७८ मध्ये बुरैदा आणि शेजारच्या उनैझात आला, तेव्हा मुंबई हे इथल्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या हिशेबातले शहर होते.

या घोड्यांचे पुढे काय होई, याचा विचार केला की ट्रेनर दिसू लागतो. वाळवंटात तो घोडा जवावर, खजुरावर, प्रसंगी उंटिणीच्या दुधावर वाढलेला असे. मुंबईत त्याच्यापुढे हरभरा आणि दमट गवत येई. जहाजाच्या प्रवासात अंग उतरलेले, पाय आखडलेले, हवा खारट आणि ओली. अशा जनावराला पुन्हा भरात आणायचे, नव्या खाण्याची सवय लावायची, कडेला माणसांची गर्दी असताना सरळ धावायला शिकवायचे आणि मग रेसला उतरवायचे, हे काम महिन्यांचे असे. घोडा कोणत्या टोळीकडून आला हे विकणारा अभिमानाने सांगे. विकत घेणारा सरदार किंवा साहेब कोण, हे वर्तमानपत्रांत येई. मधले महिने ज्याने निभावले, त्याची नोंद शोधावी लागते.

बुरैदाचा उंट आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवतो. आखाती देशांत उंटांच्या शर्यतीत पूर्वी लहान मुले जॉकी म्हणून बसवली जात. त्या क्रूर प्रथेवर बंदी आल्यावर २००५ च्या सुमारास उंटाच्या पाठीवर काही किलोंचे यंत्र आले. मालक किंवा ट्रेनर बाजूने मोटारीत बसून दूरनियंत्रकाने त्याचा चाबूक हलवतो. पाठीवरचा माणूस गेला तरी शर्यत राहिली, जिंकणारे आणि हरणारे उंटही राहिले. मग फरक कोण पाडतो? उंट तयार करणारा माणूस. अरबीत त्याला मुझम्मिर म्हणतात आणि चांगला मुझम्मिर मिळावा म्हणून उंटमालक एकमेकांवर कुरघोडी करतात. घोड्याच्या शर्यतीत जॉकी समोर दिसतो म्हणून ही गोष्ट झाकली जाते, एवढेच.

अरबस्तानात ही जाण फार जुनी आहे. हदीसच्या संग्रहांत एक नोंद आहे. पैगंबरांच्या काळात मदीनेजवळ घोड्यांच्या दोन वेगवेगळ्या शर्यती लावल्या गेल्या. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना पाच-सहा मैलांचे अंतर होते आणि तयारी न झालेल्यांना सुमारे मैलभराचे. तयारीची पद्धतही सांगितलेली आढळते. आधी घोड्याला भरपूर खाऊ घालून अंगावर आणायचे, मग हळूहळू वैरण कमी करायची, अंगावर झूल टाकून घाम काढायचा आणि उरलेला घोडा हलका, घट्ट आणि दमदार व्हायचा. तयार घोडा आणि कच्चा घोडा यांना एका रेषेवर उभे करणे अन्यायाचे आहे, ही समज चौदाशे वर्षांपूर्वी नियमात उतरली होती.

त्याहूनही मागे जाता येते. तुर्कस्तानातल्या बोगाझकॉय इथे हित्ती राजधानीच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर मितानी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांसाठी आखलेला कार्यक्रम कोरलेला आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वी चौदावे शतक. सुमारे सात महिने रोज किती चालवायचे, किती दौडवायचे, कधी पाणी द्यायचे, कधी अंघोळ घालायची, कधी उपाशी ठेवायचे, असे सगळे त्यात आहे. मैदानातल्या फेऱ्या मोजताना त्याने वापरलेले आकडे एक, तीन, पाच, सात, नऊ या आपल्या आकड्यांचेच भाऊबंद आहेत. त्या घोड्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. शिक्षकाचे नाव मात्र साडेतीन हजार वर्षे टिकले, कारण त्याने आपले काम लिहून ठेवले होते. ट्रेनरच्या उपेक्षेवरचा उपाय किक्कुलीने तेव्हाच दाखवून ठेवला आहे. शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊच.

आता मुख्य प्रश्न. ट्रेनर नेमके करतो काय?

त्याचा दिवस पहाटे, अंधारात सुरू होतो. पहिली नजर तोबऱ्यावर. रात्रीचे दाणे उरले असतील तर घोड्याचे काहीतरी बिनसले आहे. मग हात पायांवर. गुडघ्याखाली मागच्या बाजूने जाणारी शीर किंचित गरम लागली, बोटाला जराशी सूज जाणवली, तर त्या दिवशीचा गॅलप रद्द. घोडा लंगडेपर्यंत वाट पाहणाऱ्या ट्रेनरने उशीर केलेला असतो. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे धावताना साडेचारशे-पाचशे किलोंचा भार एका क्षणी एकाच पायावर येतो. घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नाही. तिथे हाड, शीर आणि कातडे, बस. सगळी कमाई त्या बारीक काठीवर उभी असते.

यातली खरी गुंतागुंत वेळेची आहे. रेसच्या घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते आणि पूर्ण वेगात दोनशेवीसच्या आसपास जाते. त्याची प्लीहा लाल पेशींचा साठा धरून ठेवते आणि धावताना तो रक्तात सोडते. दौडताना प्रत्येक झेपेला एक श्वास, अशी त्याच्या शरीराची रचना आहे. या देणग्या जन्माच्या. व्यायामाने दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडे आणि शिरा मात्र कित्येक महिने मागे रेंगाळतात. म्हणून दोन वर्षांचे शिंगरू दमाने तयार दिसते, पळायला उतावीळ असते आणि नेमकी तेव्हाच त्याची नडगी दुखावते. घोडा तयार दिसतो आणि घोडा तयार असतो, यांतले अंतर ओळखणे हीच ट्रेनरची विद्या. स्टॉपवॉच यात मदत करते, निर्णय घेत नाही. रोजच्या कामात बहुतेक वेळ चालणे, दुडकी, संथ दौड. फर्लांगाला पंधरा सेकंदांचा गॅलप म्हणजे मध्यम काम. बारा सेकंदांच्या जवळचा वेग अगदी मोजून, शर्यत जवळ आल्यावर द्यायचा. तो जास्त दिला तर घोड्याची शर्यत ट्रॅकवर्कमध्येच संपते. ट्रेनर लोक मग म्हणतात की घोडा सकाळीच रेस जिंकून बसला.

शरीरानंतर मन. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. लोखंडी स्टार्टिंग गेटमध्ये कोंडून घेणे त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध. कोणी गेटमध्ये घाबरतो, कोणी बाजूचा घोडा दिसला की थबकतो, त्याला डोळ्यांना झापडे लागतात. कोणाला शेजारच्या ठाणात ओळखीचा सोबती असल्याशिवाय खाणे जात नाही. मग निवडी. हा घोडा हजार मीटरचा की चोवीसशेचा? हिरवळीवर खुलेल की मातीच्या ट्रॅकवर? कोणत्या वजनाने, कोणत्या गटात, कोणत्या जॉकीच्या हाती? रेसला कोणती नाल ठोकायची? रियाधचा हंगाम थंडीत चालतो आणि उन्हाळ्यात रेस उंचावरच्या ताइफला जाते. तेव्हा कोणते घोडे न्यायचे आणि कोणते विश्रांतीला ठेवायचे, हेही ठरवावे लागते. प्रत्येक निवड चुकण्याची शक्यता खरी आणि प्रत्येक चुकीची किंमत मोठी.

या सगळ्यांत सर्वांत अवघड शब्द ‘नाही’. मालकाने पाहुण्यांना बोलावलेले असते, शर्यतीच्या दिवसाचे कपडे शिवून झालेले असतात आणि ट्रेनर सांगतो, घोडा पळवायचा नाही. त्या नकाराची कुठेही नोंद होत नाही. न मोडलेला पाय, न फुटलेली शीर, वाया न गेलेला हंगाम यांना कप मिळत नाही. माझ्या मते ट्रेनर दुर्लक्षित राहण्याचे मूळ कारण हेच आहे. त्याच्या उत्तम कामाचा अर्धा भाग म्हणजे न घडलेल्या गोष्टी. जॉकीचे कसब दोन मिनिटांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत दिसते. ट्रेनरचे कसब वर्षभर पसरलेले असते आणि पाहायला कोणी नसते.

ट्रेनरच सर्वकाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २०२१ चा कप जिंकणारा मिश्रिफ इंग्लंडच्या नामवंत गॉस्डन तबेल्याचा. २०२२ मध्ये तोच घोडा, तोच तबेला, तीच शर्यत. आणि तो सर्वांत शेवटी आला. जनावराचा दिवस असतो. पण एखाद्या शर्यतीवरून नव्हे, वेगवेगळ्या घोड्यांवरून ट्रेनर कळतो. जपानच्या योशितो याहागी यांच्या तबेल्याने २०२३ मध्ये पँथालासा आणि २०२५ मध्ये फॉरएव्हर यंग, असे दोन अगदी निराळ्या स्वभावाचे घोडे याच कपला जिंकून दाखवले. पहिला सुरुवातीपासून पुढे पळणारा, दुसरा अखेरच्या टप्प्यात झुंजून पुढे जाणारा. घोडा बदलला, जॉकी बदलला, तबेला तोच. या याहागींना जपानच्या ट्रेनर परवान्याच्या परीक्षेत तेरा वेळा अपयश आले होते. चौदाव्या वेळी ते पास झाले. इतक्या कडक परीक्षेतून ज्या विद्येला जावे लागते, तिला नशीब म्हणता येत नाही.

नशीब हा शब्द आला की मराठी वाचकाशी बोलायलाच हवे. आपल्या मनात रेस म्हणजे जुगार. महालक्ष्मीला गेलेला माणूस म्हणजे घर बुडवायला निघालेला, अशी समजूत घराघरांत होती आणि तिला कारणेही होती. कित्येक पगार तिथे खरोखर बुडाले. पण त्यामुळे झाले असे, की १८३० पासून पुण्यात आणि १८८३ पासून महालक्ष्मीला चाललेल्या या खेळातली विद्या आपण कधी विद्या म्हणून पाहिलीच नाही. पांडू खाडे, वसंत शिंदे या जॉकींची नावे जुन्या मंडळींच्या तोंडी राहिली. एकोणीसपैकी अठरा शर्यती जिंकणारा स्क्वाँडरर हा घोडाही आख्यायिका झाला. त्याला तयार करणारे रशीद बायरामजी रेसच्या जगात पूजनीय. त्या जगाच्या कुंपणाबाहेर त्यांची ओळख नाही. पेसी श्रॉफ यांनी तर दोन्ही बाजू पाहिल्या. आधी आघाडीचे जॉकी, नंतर आघाडीचे ट्रेनर. पण सामान्य माणसाच्या आठवणीत ते आजही घोड्याच्या पाठीवरच आहेत.

सौदी अरेबियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे पैजेला कायद्याने आणि धर्माने बंदी आहे. रेसकोर्सवर बुकी नाही, पैजेचे तिकीट नाही. तरीही मैदान भरते आणि लोक घोडा पाहायला येतात. पैशाचा धूर बाजूला झाला की मागे उरते ती तयारी आणि तीच या खेळाची मूळ वस्तू आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही नेमके हेच ओळखले. १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोडशर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल न्यायालयाने दिला. घोड्याचा वेग आणि दम हे शिक्षणातून कमावलेले असतात आणि जॉकी आपल्या कलेत तरबेज असतो, हा त्या निकालाचा आधार होता. म्हणजे भारतात रेस कायदेशीर आहे ती ट्रेनरच्या पहाटेच्या कामाच्या बळावर. ज्या माणसाच्या श्रमावर या साऱ्या व्यवसायाचा कायदेशीर पाया उभा आहे, त्याच्याबद्दल मराठीत दहा पाने सलग वाचायला मिळू नयेत, हे मला खटकते.

आपल्याला हे अपरिचित असण्याचे कारणही नाही. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार होता, बारगीर होता, नालबंद होता आणि नवे घोडे फिरवून स्वारीला तयार करणारा चाबुकस्वारही होता. भीमथडीच्या काटक तट्टांवर स्वराज्याच्या मोहिमा झाल्या. ती तट्टे जन्मतःच तोफेच्या आवाजाला सरावलेली नव्हती. कोणीतरी त्यांना सरावले. राणा प्रतापांचा चेतक शाळकरी पोरालाही माहीत असतो. चेतकला चेतक कोणी केले, हा प्रश्न शाळेत कोणी विचारत नाही.

न्यायाने बोलायचे तर ट्रेनरकडेही एक देणे आहे. त्याच्या मागे मोतद्दार असतो. घोड्याला खरारा करणारा, त्याच्याबरोबर प्रवास करणारा, त्याच्या ठाणाशेजारी झोपणारा. आखाती तबेल्यांतले असे कितीतरी मोतद्दार भारत, पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधून आलेले असतात. घोड्याचे बिनसल्याचे पहिल्यांदा त्यांनाच कळते. ट्रेनरची नजर म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यात मोतद्दाराचे डोळे मिसळलेले असतात. उपेक्षित माणसाने आपल्याहून उपेक्षिताला विसरू नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही. पुढच्या प्रकरणांत म्हणूनच ट्रेनरांबरोबर मोतद्दारही बोलतात.

आता किक्कुलीकडे. त्याचे नाव टिकले, कारण त्याने लिहून ठेवले. आपल्या ट्रेनरांकडेही वह्या असतात. कोणत्या घोड्याने कोणत्या तारखेला किती सेकंदांत काम केले, काय खाल्ले, केव्हा पाय गरम लागला, कोणते औषध लागू पडले. मुंबई-पुण्याच्या जुन्या तबेल्यांतून, निवृत्त ट्रेनरांच्या आणि मोतद्दारांच्या घरांतून अशा वह्या, गॅलपच्या नोंदी, फोटो आजही असतील. त्यांतल्या पुष्कळशा रद्दीत जातात. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल, तर माझी विनंती आहे की ते जपा, त्याची प्रत काढा, एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा. टर्फ क्लबांनीही कपांच्या याद्यांबरोबर या कागदांसाठी एक कपाट राखावे. घोड्यांच्या वंशावळी आपण शंभर-दोनशे वर्षे सांभाळल्या. घोडे घडवणाऱ्यांच्या नोंदी सांभाळायला त्याहून कमीच खर्च येईल.